हळद लागलेला सिलिंडर

"आये बोलत नाय, शेठ."

कान्हूने फडक्याची गाठ सोडली, आतली पुठ्ठ्याची गोल डबी काढली आणि आमच्या दुकानाच्या कौंटरवर ठेवली. ठेवण्याआधी त्याने कौंटर खांद्यावरच्या पंच्याने पुसून घेतला. मग डबीला हात लावून तो हात कपाळाला लावला. आमचे मालक भाऊशेठ चष्म्यावरून हे सगळं बघत होते.

"कोण आई? ही डबी?"

"माझी आये. बायजा धवलारीण. गेल्या साली तुमीच भरलाव ना हिच्यात?"

मी मागच्या टेबलावर एका खिशातल्या घड्याळात स्प्रिंग बसवत होतो. ते काम तसंच सोडून पुढे आलो आणि डबीचं झाकण उघडलं. आत मेणाचा सिलिंडर होता. पण तो तपकिरी आणि चकचकीत असायला हवा होता. हा होता वरपासून खालपर्यंत पिवळाधमक. मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा, सगळ्यावर तेलाचा थर आणि कडेला झेंडूची एक सुकलेली पाकळी.

भाऊशेठ डोकावले. "अरे गोविंदा, हा तर बोहल्यावर चढायला निघालाय!"

कान्हूला हसू आलं नाही. तो माझ्याकडे वळला. "दादा, तुमीच सांगलाव व्हता, पानी लावू नका. आमी पानी नाय लावला."

"मग हे काय आहे?"

"यो त्याल हाय. खोबऱ्याचा."

"आणि बोट लावू नका असंही सांगितलं होतं."

"बोट नाय लावला. फुलाने लावला."

मी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्याने अक्षरशः पाळल्या होत्या.

हल्ली घरोघरी काळ्या तबकड्या वाजतात, म्हणून नव्या वाचकांना थोडं सांगायला हवं. मी सांगतोय ती गोष्ट गेलं शतक संपत आलं तेव्हाची. तबकड्या आमच्याकडे यायच्या होत्या. तेव्हा ठाण्यात फोनोग्राफ म्हणजे आमच्या भाऊशेठांचं मशीन. त्यावर मेणाचा सिलिंडर चढवायचा. सिलिंडर म्हणजे बूड नसलेला पेला समजा. रिळावर दोरा गुंडाळावा तशी त्याच्या अंगावर बारीक खोबण गुंडाळलेली असते, आणि त्या खोबणीच्या तळाशी जे चढउतार असतात तो आवाज. सुई त्यावरून वरखाली होत जाते आणि आवाज रबरी नळ्यांतून कानात येतो. नळ्या कानाला लावलेल्यांनाच ऐकू येतं. कर्णा लावला तर चारचौघांना ऐकू येतं, पण बारीक.

या मशीनची गंमत अशी की त्याच्यावर आवाज भरताही येत असे. आणि भरलेला नको झाला तर त्याच मशीनच्या पात्याने वरचा पापुद्रा तासून सिलिंडर पुन्हा कोरा करता येत असे. मेण इतकं मऊ की सिलिंडर उचलायचा तो आतून दोन बोटं घालून. बाहेरून धरला तर बोटाचा ठसा गाण्यावर उमटतो.

आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात भाऊशेठांनी मशीन डोंबिवलीपलीकडे मानपाड्याला पाटलांच्या अंगणात नेलं होतं. बरोबर मी. लोकांनी नळ्या कानात घालून हसून घेतलं. मग पाटील म्हणाले, आमचं काहीतरी भरा. त्यांनी बायजाबाईला पुढे केलं. ती धवलारीण. आगरी लोकांत लग्न लावायला भटजी येतात, पण धवलारीण आली नाही तर लग्न पुढे सरकत नाही. मांडव घालण्यापासून वऱ्हाड निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिने गायचं. त्यातलं मोठं मानाचं गाणं म्हणजे देवांना आणि त्या घरच्या पूर्वजांना मांडवात बोलावणं. प्रत्येक घराचं हे बोलावणं वेगळं असतं. कोणता देव आधी, कोणता मागून, कोणत्या पूर्वजाला कसं आळवायचं, हे सगळं ठरलेलं. बायजाबाईने कर्ण्यात तोंड घालून पाटलांच्या घरचं बोलावणं गायलं. शेठ त्या दिवशी खुशीत होते. सिलिंडर त्यांनी तिच्या मुलाला, म्हणजे कान्हूला, देऊन टाकला.

पावसाळ्यात ती गेली. सिलिंडर कान्हूने देव्हाऱ्यात ठेवला. आईचा आवाज त्यात आहे म्हणजे आई त्यात आहे. मग तिची पूजा नको का व्हायला?

"पण बोलत नाही हे कळलं कसं?" मी विचारलं. "मशीन तर तुझ्याकडे नाही."

"कल्यानला एक मशीनवाला आयला व्हता. त्याच्याकडं लावून बगितली. नुसती खरखर. तो बोलला, फेकून दे." मग हळूच म्हणाला, "दादा, पाटलांच्या घरी लगीन हाय. तोंडावर आयलाय. चांगुणाला त्यांचा बोलावना येत नाय."

चांगुणा त्याची बायको. सासूच्या हाताखाली ती धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, शिकली होती. सगळं येत होतं. पण पाटलांच्या घरचं मागचं लग्न ती सून म्हणून गावात येण्याच्या कितीतरी आधी झालेलं. त्यामुळे ते एक गाणं तिने मांडवात कधी ऐकलंच नव्हतं. सासू शिकवीन शिकवीन म्हणत गेली. अंगणात सिलिंडर भरताना एकदाच काय ते कानावर पडलं, तेही धावपळीत.

"नाही आलं तर?"

"तर पाटील खाडीपल्याडची धवलारीण आनतील. येकदा ती उभी ऱ्हायली की मंग त्या घरचा मान तिचा. आमच्या घरात चार पिढ्या हाय तो."

प्रकरण काय आहे हे आता मला कळलं. भाऊशेठांना कळलं की नाही, सांगता येत नाही. ते म्हणाले, "तासून टाक. वरचा पापुद्रा गेला की हळद गेली."

"आणि आवाज?"

"तोही गेला. पण सिलिंडर काय स्वच्छ होईल म्हणतोस!" आणि स्वतःच खो खो हसले. हसता हसता त्यांचा चेहरा एकदम बदलला. धंद्याची कल्पना सुचली की त्यांचा चेहरा असा व्हायचा. "थांब, थांब. हा साफ झाला तर आपण मशीनच पाटलांच्या मांडवात लावू! गेलेली बाई देवांना बोलावतेय! अरे, कल्याणपासून लोक येतील बघायला. मी आजच पाटलांना निरोप पाठवतो."

"मंग चांगुणा?" कान्हूने विचारलं.

"ती ऐकेल की बसून."

कान्हू आला होता तेव्हा त्याला एकच काळजी होती, जाताना दोन घेऊन गेला. शेठ मला म्हणाले, "आणि हे बघ, दुकानात हा हळद-तेलाचा कारभार नको. घड्याळांत जाईल. घरी ने आणि कर."

म्हणून हे काम मी घरी केलं.

आमचं घर तलावाच्या मागच्या बाजूला होतं, दोन खोल्यांचं. घरी मी आणि आई. मी डबी उघडून जमिनीवर बसलो तशी आई येऊन बघून गेली, पुन्हा आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय करतोयस?"

"साफ करतोय. हळदकुंकू काढायचंय."

"काढायचंय म्हणजे? कुंकू पुसणार तू? बाईमाणसाचं?"

"अगं आई, हे मेणाचं आहे."

"तो मुलगा आई म्हणून घेऊन आला ना? मग? असं सरळ पुसायचं नसतं रे गोविंद."

तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलेलो नाही. शेवटी तिनेच तोड काढली. करंडा आणला, पुठ्ठ्याच्या डबीच्या झाकणावर हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आता तुझं कुंकू इथे आलं बाई. आता पूस."

मी आधी मूळ सिलिंडरला हात लावला नाही. दुकानात फुटक्या सिलिंडरचे तुकडे पडलेले असत, ते आणले होते. त्यांवर तशीच हळद आणि तसंच खोबरेल चोपडून ते सुकवले. मग एकेक उपाय करून बघितला. घड्याळाची चाकं आम्ही स्पिरिटने धूत असू. स्पिरिटने हळद निघाली, पण मेणावर दुधासारखा पांढरा पडदा आला. भिंगातून बघितलं तर खोबणीच्या कडा झिजलेल्या. रिठ्याच्या पाण्याने मेण खरबरीत झालं. या मेणात साबणासारखंच काहीतरी असतं, त्यामुळे पाणी त्याला मानवत नाही. नुसत्या कोरड्या ब्रशने वरची पूड निघाली, तेलात कालवलेली तशीच राहिली.

चौथा उपाय मशीनच्या रबरी नळ्यांवरून सुचला. नळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आम्ही त्यांना संगजिऱ्याची पूड लावत असू. अगदी मऊ, अंगाला लावायच्या पावडरीसारखी. ती तेल पिते. तुकड्यावर संगजिरं भुरभुरवलं, थोडा वेळ राहू दिलं आणि मऊ केसांच्या ब्रशने झटकलं. पूड पिवळी होऊन निघाली आणि खाली मेण जसंच्या तसं.

वैशाख होता. दुपारी मेण बोटाला लागतं. म्हणून पहाट झाली की काम सुरू करायचं आणि ऊन पडवीत यायच्या आत थांबायचं, असा नियम केला. सिलिंडर एका लाकडी दांड्यावर फडकं गुंडाळून चढवला. आई दांडा हळूहळू फिरवायची आणि मी ब्रश धरायचो. ब्रश नेहमी खोबण जाते त्या दिशेने, गोल. उभा फिरवला तर घाण एका खोबणीतून निघून दुसरीत बसते. पूड भुरभुरवायची, थांबायचं, झटकायचं. पुन्हा भुरभुरवायची. एका वेळेला पिवळेपणा थोडासाच कमी व्हायचा.

"भांडी घासायला यापेक्षा बरी," आई म्हणायची, पण दांडा सोडायची नाही. मधेच विचारायची, "ही बाई गाते कशी रे? गोड?"

"खणखणीत."

"मग बरं."

काही पहाटांनंतर सिलिंडर पुन्हा तपकिरी दिसायला लागला. भिंगातून खोबणी स्वच्छ दिसत होत्या. कुठे कुठे बुरशीचे पांढरे ठिपके होते, तेही झटकून गेले. राहिला तो टिळा. कुंकू करताना हळदीत खार घालतात. तो खार रोज त्याच जागी बसून मेणाला चिकटला होता, किंवा मेण त्याला चिकटलं होतं म्हणा. ब्रशने तो हलेना. संगजिऱ्याला दाद देईना.

इथे मी थांबायला हवं होतं. पण सगळं स्वच्छ झाल्यावर एकच डाग राहिला की कारागिराचा हात शिवशिवतो. घड्याळातला गंज काढायला आम्ही टोकदार लाकडी काडी वापरतो. ती घेतली आणि टिळ्याच्या कडेला हलकेच लावली. टिळा निघाला. त्याच्याबरोबर नखाएवढा मेणाचा पापुद्राही निघाला.

आईने दांडा फिरवायचा थांबवला. "गेलं?"

"तेवढं गेलं."

दुसऱ्या दिवशी चांगुणा आली. ती आणि कान्हू ठाण्यातच चेंदणीला कान्हूच्या बहिणीकडे उतरले होते. शेठ पूजा आटोपून दुकानात उशिरा येत, म्हणून मी या दोघांना दुकानात सकाळीच बोलावलं. चांगुणा माझ्याच वयाची असेल. ठेंगणी, काळीसावळी, बोलण्यात ठाम. कान्हू दारातच उभा राहिला. ती आत आली आणि मशीनकडे बघत म्हणाली, "आधी सांगा, किती ऱ्हायलीय?"

मी तिला सरळ सांगितलं. टिळा होता तिथलं मेण निघालं, आणि ते माझ्या हातून निघालं. सिलिंडर फिरताना ती जागा प्रत्येक फेरीला सुईखाली येणार. म्हणजे गाण्याच्या तेवढ्या भागात दर फेरीला एक ठोका बसणार आणि तिथलं अक्षर जाणार.

"बाकीची हाय?"

"ऐकूया."

एक नळी तिने कानाला लावली, एक मी. स्प्रिंगला चावी दिली, सुई ठेवली. थोडी खरखर, मग बायजाबाईचा खोकला, आणि मग गाणं सुरू व्हायच्या आधी स्पष्ट ऐकू आलं, "ए गो, तो कोंबडा हाकल आदी!"

चांगुणा खळखळून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मनाच बोलली व्हती," ती कान्हूला म्हणाली. "मीच हाकलला व्हता तो."

मग गाणं सुरू झालं. गावदेवी आली, शिवेवरचा वाघोबा आला, खाडी आली, मिठागराचा राखणदार आला. चांगुणाचे ओठ बरोबर हलत होते. देव संपले, पूर्वज सुरू झाले, आणि ठक्. ठक्. ठक्. प्रत्येक फेरीला एक ठोका. बायजाबाई गात होती, पण नावांचे तुकडे होत होते. एकही धड कळत नव्हतं. मग पुन्हा आवाज मोकळा झाला आणि गाणं संपलं.

तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्यानंतर मी म्हणालो, "दर वेळी सुई थोडं मेण खाते."

"पुरे. देव मिलाले. चाल बी मिलाली."

"पण पूर्वज? नावं पाटलांनाच विचार ना."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. "इचारली की झाला! धवलारनीला नावा येत नाय, असा गावभर होईल. मंग त्यांना खाडीपल्याडची आनायला कारन नको." नळी काढून तिने नीट गुंडाळून ठेवली. "ते बगते मी. तुमी कुनाला बोलू नका म्हंजे झाला."

तेवढ्यात भाऊशेठ आले. पाटलांना निरोप गेला होता आणि पाटीलही खूश होते. "झाला साफ? कर्णा लाव, कर्णा! बघू मांडवात कसं वाटेल."

मी कर्णा लावला. गाण्याच्या सुरुवातीला शेठ मान डोलवत होते. मग ठोके सुरू झाले. नळीत जो बारीक ठक् वाटत होता तो कर्ण्यातून खिळा ठोकल्यासारखा यायला लागला.

"हे काय रे? आत सुतार बसलाय?"

मी त्यांनाही खरं सांगितलं. दुकानाबाहेर दोन माणसं थांबून ऐकतील एवढ्या आवाजात ते ओरडले. टिळा खाजवायला तुला कोणी सांगितलं, चार माणसांत माझी शोभा करतोस का, वगैरे. मग ओरडून झाल्यावर खुर्चीत बसले आणि हिशेबी आवाजात म्हणाले, "हे मांडवात नेलं तर लोक हसतील. पाटलांना कळव, मशीनची स्प्रिंग गेली. बाईलाच गाऊ द्या."

चांगुणा कर्ण्याकडे बघत उभी होती. तिने पदर खोचला आणि बाहेर पडली. कान्हूने तिच्या मागून जाताना मला कौंटरवरूनच हात जोडले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे काही भल्या माणसांनी माझ्यावर उपकार म्हणून वेगळं सांगितलेलं मी ऐकलं आहे. तो पापुद्रा मी मुद्दाम काढला नाही. ते चुकून झालं. पण मी तो काढला नसता तर पाटलांच्या मांडवात मशीन गायलं असतं आणि चांगुणा कोपऱ्यात बसून ऐकत राहिली असती, हेही तेवढंच खरं.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. शेठना जेवण चुकवायचं नव्हतं, मला गाणं. ठाण्याहून मिठाच्या होडीने खाडीतून गेलो, वर बैलगाडीने. अंगणभर मांडव, आंब्याचे टाळे बांधलेले. पुढे पाटलांची म्हातारी आत्या बसली होती. त्या घरच्या लेकींत ते बोलावणं स्वतःच्या लग्नात ऐकलेली ती एकटीच उरली होती. मास्तर परीक्षा घ्यायला बसतात तशी ती चांगुणाच्या समोरच बसली होती, तोंडात मिसरी, डोळे बारीक करून.

चांगुणाने सुरुवात केली. गावदेवी आली. वाघोबा आला. आत्याची मान एकेका देवाला हलत होती. खाडी आली. राखणदार आला. पुढचं पोकळ आहे हे त्या मांडवात चारच माणसांना माहीत होतं: कान्हू, शेठ, मी आणि गाणारी.

ती थांबली नाही. चाल तीच, आवाज तोच. तिने गायलं:

"बांध ज्यांनी घातला, त्यांना आवतन,
खाडीनं ज्यांना नेला, त्यांना आवतन,
नाव ज्यांचा ऱ्हायला नाय, त्यांनापन आवतन,
बायजा धवलारनी, तुना आवतन,
ये गो, बस मांडवात."

आवतन म्हणजे आमंत्रण, तुना म्हणजे तुला. एकाही पूर्वजाचं नाव तिने घेतलं नाही, आणि एकालाही वगळलं नाही. मग आत्याने पदर डोळ्याला लावला आणि मोठ्याने म्हणाली, "ह्योच गो ह्यो! माझ्या लगनात बायजा असाच गायली व्हती! अक्षर बी हाललेला नाय!"

पाटलांनी समाधानाने सुस्कारा सोडला. चांगुणाला साडीचोळी आली, मान मिळाला, काम फत्ते.

भाऊशेठ माझ्या कानाशी वाकले. "काय रे, बायजाने तेव्हा जिवंत असताना स्वतःलाच मेलेल्यांत बोलावलं कसं?"

"पंगत बसतेय, शेठ. चला."

"नाही, पण—"

"जिलेबी आहे."

ते उठले. तो प्रश्न त्या मांडवात दुसऱ्या कोणालाही पडला नाही.

पुढे शेठ प्रत्येक खेळात सांगायचे की आमच्या मशीनने एका घराचं हरवलेलं गाणं परत मिळवून दिलं, आणि आमच्या गोविंदाने हळद काढून ते वाचवलं. माणसं माझी पाठ थोपटायची. मी ती थोपटून घ्यायचो. चांगुणाने गप्प राहायला सांगितलं होतं, ही माझ्याकडे चांगली सबब होती. काही वर्षांपूर्वी गाणी गोळा करणारे एक मास्तर माझ्याकडे आले. बोलावण्याच्या त्या शेवटच्या ओळी त्यांना फार आवडल्या होत्या. फार जुन्या असाव्यात, असं त्यांचं मत. मला विचारलं, "सिलिंडरवर जसंच्या तसं होतं ना?" चहा पुढे होता. मी मान हलवली. ते तसं छापून आलं. तेव्हापासून मात्र मला ती पाठ थोपटलेली टोचायला लागली. तोपर्यंत एका बाईचं पोट आणि मान सांभाळायला गप्प होतो. आता तिच्याच ओळी तिच्याकडून काढून घेऊन मशीनच्या नावावर लावल्या होत्या, आणि मशीनच्या आडून माझ्या.

गेल्या थंडीत मी मानपाड्याला गेलो. चांगुणाबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. दात गेलेत, आवाज आहे. आता त्यांच्या हाताखाली नातसून आणि गावातल्या आणखी मुली शिकतात. पाटलांच्या घरची पुढची सगळी लग्नं त्यांनीच लावली, त्या ओळींसकट. आता दुसऱ्या घरांनीही त्या आपल्या बोलावण्यात घेतल्यात.

"चांगुणाबाई, लिहू का खरं?"

"आता लिवा. आता माझा मान कोन काढून घेतंय? घेनारे समदे गेले, आता मीच त्यांना मांडवात बोलावते." त्यांनी सूप झटकलं. "पाटलांची आत्ती जित्ती असताना लिवला नाय ते बरा केलाव. म्हातारी भांडली असती. तिनं ऐकला व्हता ना!"

"राग नाही ना माझा?"

"कसला राग? तुमी पापुद्रा काढलाव, मी घातला. जेवून जा."

मी जेवून आलो. भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि वर ताक. परत येताना मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

तर नोंद अशी: त्या पाच ओळी बायजाबाईच्या नाहीत, जुन्या नाहीत, मशीनमधून मिळालेल्या नाहीत. त्या चांगुणाबाईंच्या आहेत. सिलिंडर पुढे बुरशीने खाल्ला, त्यावर आता काही ऐकू येत नाही.

घरी रेकॉर्ड साफ करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. ब्रश मऊ आणि कोरडा घ्यावा, गोल फिरवावा, घाई करू नये. जो डाग या सगळ्याने निघत नाही, तो राहू द्यावा.